करंजगडच्या मोटारीचे बुश

“बुश बदला!”

करंजगडचे आबासाहेब महाराज मोटारीतून उतरले ते कंबर धरूनच.

आता हा बुश म्हणजे फार मोठी वस्तू नव्हे. पुढच्या चाकांच्या दांड्या गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात, तिथे बसवलेली रबराची जाडजूड बांगडी. खालचा दणका वर पोचू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. मोटार महाराजांच्या लग्नातली, तेव्हा जुने बुश झिजले होते हे खरंच. बाबालाल ड्रायव्हरने मुंबईहून नवे रबरी बुश मागवले. एका फेरीत महाराज ओरडले, “हे रबर आहे की मेण? फेका!” मग त्याने पितळी बुश घडवून बसवले. त्या फेरीत महाराजांची जीभ दाताखाली आली.

“बाबालाल,” रुमालाने जीभ टिपत महाराज म्हणाले, “आम्हाला लोण्याहून मऊ आणि पितळेहून टणक बुश हवा! खंडेनवमीपर्यंत बसला नाही, तर तुझी नोकरी गेली आणि गॅरेजमागची खोलीही!”

बाबालाल खोलीवर आला आणि डोक्याला हात लावून बसला. भाकरी थापता थापता त्याची मुलगी जैतुन म्हणाली, “अब्बा, खोट बुशात न्हाईच. रस्त्यात हाय.”

“हळू बोल, पोरी! भिंतीला कान असत्यात!”

कारण तो रस्ता महाराजांच्या वडिलांनी, थोरल्या महाराजांनी बांधलेला. ‘असा रस्ता मुलखात नाही,’ असं आबासाहेबांनी भर दरबारात जाहीर केलं होतं. त्यात खड्डे आहेत म्हणणारा थेट हद्दपार! एक शाळामास्तर तसं बोलून बसले होते. ते आता हद्दीपलीकडे शिकवतात. खड्डे तर होतेच. पण दिवाण हिरलेकर मोठे हुशार. महाराजांची स्वारी निघायच्या आधी ते खड्ड्यांत कडबा कोंबून घेत आणि वरून लाल मुरूम पसरत. काचेतून बघणाऱ्या महाराजांना रस्ता गालिच्यासारखा दिसे. चाक मात्र धाडकन आत! डोळ्यांवर विश्वास ठेवायचा, तर दोष बुशाचाच निघणार. दिवाणजी स्वतः कचेरीला पायवाटेने जात.

जैतुनने हात धुतले, भंगाराच्या ढिगातून मुंबईचे रबरी बुश शोधून काढले आणि फडक्याने पुसून बापापुढे ठेवले.

“हे तर फेकलेले!”

“फेकले म्हणून वाईट झाले व्हय? गाडीचे मूळचे असेच होते की. बसवा बिनघोर. पुढचं माझ्याकडं लागलं.”

बाबालालने बसवले. जिवाची तगमग चालली होती, तरी गाडी जॅकवरून उतरवून, तिचा भार चाकांवर आल्यावरच त्याने नट आवळले, म्हणजे रबर पिळवटत नाही. हाताची सवय कुठे जाते!

खंडेनवमीला दरबारात तलवारींची पूजा मांडली होती. जैतुन दाराशी आली आणि मुजरा करून म्हणाली, “सरकार, लोण्याहून मऊ नि पितळेहून टणक बुश बसलेत जी! पर एक इनंती हाय. सालातून एकदा काढायच्या तलवारींची पूजा दरबारात, आणि रोज सरकारांना वाहून नेणारी मोटार बाहेर उन्हात? तिलाबी आत घ्या. पूजा हितंच, पहिली फेरीबी हितंच!”

दिवाणजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. महाराजांना मात्र कल्पना भलतीच आवडली. पूर्वी ज्या दारातून हत्ती आत येई, त्याच दारातून मोटार आली. हळदकुंकू झालं. महाराज मागे बसले, हातात पूजेचं तबक. बाबालालने त्या गुळगुळीत फरशीवर गाडी फिरवली, एकदा, दोनदा, मग महाराजच म्हणाले, “अजून एक!”

“वा! तबकातली निरांजनाची ज्योतसुद्धा हलली नाही! पोरी, कुठून पैदा केलेस हे बुश?”

“भंगारातनं, सरकार. आपण फेकायला लावलेले, तेच.”



“महाराजांची थट्टा करतेस?” दिवाणजी कडाडले.

“थांबा, हिरलेकर.” महाराजांचे डोळे बारीक झाले. “बुश तेच, तर बाहेर का आपटतात? बोल! रस्ता वाईट म्हणायचंय का तुला?”

होय म्हटलं तर हद्दपारी, नाही म्हटलं तर बापाची नोकरी जाणार! जैतुनने दोन्ही हात जोडले.

“छे छे, सरकार! रस्ता उत्तमच हाय, तसा हुकूमच हाय! मी लई इचार केला. बुश तेच, मोटार तीच, सरकारबी तेच. आत नि बाहेर फरक एकच दिसतोय. हितं वर छप्पर हाय, तितं न्हाई! सगळा दोष त्या छपराचा. एक तर हा दरबार वेशीपातूर लांबवा, न्हाईतर समद्या रस्त्यावर छप्पर घाला. बुश जन्मभर टिकतील!”

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी छपराकडे पाहत होते.

महाराज गाडीतून उतरले, नुकतीच पुजलेली तलवार उचलली आणि तडक फाटकाबाहेर गेले. त्यांनी लाल मुरुमात तलवार खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली! वर काढली, तर पात्याला कडबा लटकत होता.

कडब्याकडे बघत महाराज जे हसत सुटले, ते फाटकाचा आधार घेऊनच थांबले.

“दिवाणजी, छप्पर कौलारू घालता की पत्र्याचं? की आधी रस्ताच दुरुस्त करता?”

“र... रस्ता, सरकार.”

“आणि त्या मास्तरांना मेणा धाडून परत आणा! पोरी, नोकरी आणि खोली बाबालालची कायमची झाली. आता तुझ्यासाठी माग.”

“एकच मागते, सरकार. बुश किती टिकत्यात, ते कुणीतरी शहाण्या माणसानं गाडीत बसून बघाया पायजे. रस्ता पुरा होईस्तोवर रोज वेशीपातूर जाऊन यायचं. मागच्या शिटावर, दिवाणजी!”

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. त्यांनी गळ्यातला कंठा काढून जैतुनच्या ओंजळीत टाकला आणि स्वतःच्या हाताने मोटारीचं मागचं दार उघडून धरलं.

“बसा, दिवाणजी!”