टिटवीचं ओरडणं

फार जुनी गोष्ट. माळावरच्या गवतात लावरी नावाची चिमुकली पाखरीण अंडी उबवत होती. शेजारी खडकाळ जागेत टिटवी राहायची. टिटवी ओरडली की थोड्याच वेळात धामण यायची आणि कुणाची तरी अंडी फस्त करायची. असं तीनदा झालं.

"हीच मेली धामणीला बोलावते!" लावरी म्हणाली. मग सगळ्या पाखरांनी मिळून टिटवीला ओढ्यापलीकडे हुसकावून लावलं.

म्हातारं कासव लावरीला म्हणालं, "पोरी, ती ओरडते म्हणून धामण येते, की धामण दिसते म्हणून ती ओरडते? आता टिटवी नाही. धामण येते का, तेवढं नीट बघ."

लावरीला ते पटलं नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी माळ अगदी शांत होता, म्हणून ती निर्धास्तपणे दाणे टिपायला गेली. परतली तेव्हा घरट्यात एकच अंडं उरलं होतं आणि धामणीचं शेपूट गवतात दिसेनासं होत होतं.

लावरी रडत रडत ओढ्यापलीकडे गेली. "टिटवीताई, चुकलं माझं. परत चल."

"पण धामण दिसली की मला ओरडल्यावाचून राहवत नाही गं," टिटवी भीत भीत म्हणाली.

"ओरड की, ताई! घसा फाटेस्तोवर ओरड."