आयते दगड

जून महिन्याची दोन तारीख होती. सकाळी धुके, दुपारी लख्ख ऊन, वारा समुद्रावरून. उत्तरेकडच्या एका थंड किनाऱ्यावर डोंगर थेट खाडीत उतरतात आणि त्यांच्या माथ्यांवर बारमाही बर्फ असतो. तिथे एकदा एक वृद्ध भूमिपरीक्षक आपल्या शिष्याचे काम पाहायला आला.

काम जोखमीचे होते. हिवाळ्याच्या उधाणात कोळ्यांच्या वस्तीतली अकरा घरे वाहून गेली होती. नवी कुठे बांधावीत हे ठरवायला शिष्य पंधरा दिवस आधीच आला होता. त्याची तिशी उलटली होती, पण एकट्याने निर्णय द्यायची ही पहिलीच वेळ. जागा दोनच होत्या. एक, कड्याच्या पायथ्याची सपाटी. दुसरी, जरा उंचावरचा खडकाळ उंचवटा. पण तिथे घराएवढी एक लाल धोंड तीन लहान दगडांवर टेकून उभी होती. धोंडीच्या खालून पलीकडचे आभाळ दिसे. शिष्याने दोरी लावून चढउतार मोजले आणि सपाटी निवडली. तिथे पायाला लागणारे कोपरेदार दगडही हवे तेवढे पसरलेले होते. लोक म्हणाले, देवाने दगडसुद्धा घडवून ठेवलेत. एका विधवा कोळणीने तर त्याच दिवशी पाया भरायला घेतला.

वृद्धाने सगळे ऐकून घेतले. मग तो उंचवट्यावर चढला, धोंडीखाली बसून त्याने भाकरी खाल्ली आणि तिथेच उशाला हात घेऊन झोपी गेला. खालून कुणीतरी म्हणाले, "म्हातारबुवांना वर जायची घाई झालेली दिसते." लोक हसले. शिष्याला मात्र हसू येईना. आपल्या निर्णयाची ही चारचौघांत थट्टा चालली आहे, असे त्याला वाटले. गुरू जागा होईपर्यंत तो बाजूला उभा राहिला आणि मग त्याने जरा तुटकपणेच कारण विचारले.

वृद्धाने ओल्या फडक्याने पायाखालचा खडक पुसला. वाळूने घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर उठतात तसे बारीक, समांतर ओरखडे त्यावर उमटून दिसले. सगळे एकाच दिशेने गेलेले, खाडीच्या वरच्या अंगाला. त्या दिशेला, सहा कोसांवर, एक लाल डोंगर होता. इथला डोंगर काळा होता.

शिष्य बराच वेळ त्या ओरखड्यांवर हात फिरवत राहिला. धोंड वरून पडलेली नव्हती. कधीकाळी खाडीभर सरकत आलेल्या बर्फाने ती आणली होती आणि वितळताना इथे ठेवली होती. तिच्या अंगावर तळहाताएवढाली दगडफुले वाढली होती. एवढी वाढायला शेकडो वर्षे लागतात, हे त्याला ठाऊक होते.

"आता खाली जा," वृद्ध म्हणाला, "आणि त्या आयत्या दगडांवर दगडफूल शोध."

शिष्य तासाभराने परतला. एकाही दगडावर त्याला दगडफूल मिळाले नव्हते. दगड काळे होते, कड्यासारखेच. त्यांच्या कडांनी बोटे कापत होती. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती: त्यांच्या आज्याच्या वेळी सपाटीवर बर्फच होता.

"बर्फ त्या कड्याचा टेकू होता," वृद्ध म्हणाला. "टेकू गेला, म्हणून कडा सुटून खाली येतो आहे; ते आयते दगड त्याचेच. तू दगड कसा उभा आहे ते नीट पाहिलेस, पण तो आला कुठून हे विचारले नाहीस. भीतीदायक दिसणाऱ्याची आपण चौकशी करतो आणि सोयीचे हाती लागले की उपकार मानून घेतो. मीही तुझ्या वयात असेच केले आहे. अजून पायाच घातला आहे, संसार मांडलेला नाही. आज सांग. उद्या सांगणे जड जाईल."

शिष्य कोळणीकडे गेला. ती पायावर बसून कंबर दाबत होती. आपली चूक झाली, एवढे त्याने आधी सांगितले आणि कारण नंतर. तिने कड्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"आठ दिवस मी दगड वाहिले, पंडित, आणि तू दोरी धरून उभा होतास."

"हो, मावशी."

"मग आता ती दोरी ठेव आणि ते टोक उचल. हा दगड उंबऱ्याचा आहे, मला एकटीला पेलत नाही."

त्याने टोक उचलले. पुढचे तीन महिने तो वस्तीतच राहिला. घरोघरी जाऊन त्याने आपली चूक आणि तिचे कारण सांगितले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अकरापैकी नऊ घरे उंचवट्यावर उभी राहिली. दोन कुटुंबांनी ऐकले नाही, त्यांनी सपाटीवरच बांधली. त्यांच्या घरांमागे, कड्याच्या बाजूने, शिष्याने छातीइतकी उंच दगडी भिंत घातली. तिला बावीस दिवस लागले.