पायलीभर लाह्या

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आता ती घडली फार फार पूर्वी, माझ्या पणजोबांचे पणजोबाही तेव्हा जन्मले नव्हते, तेव्हा डोळ्यांचं सोडा. पण ती घडली ते गाव मला चांगलं ठाऊक आहे. नाव तेवढं विचारू नका, ते मलाही ठाऊक नाही.

तर एका राज्यात पाऊस पडला नाही. कोठारात मागच्या सालची ज्वारी होती. राजानं दवंडी पिटवली : दर घराला रोज एक पायली ज्वारी मिळेल. राजाचं मन वाईट नव्हतं. एवढंच, की दवंडी पिटून झाल्यावर ते मन झोपायला गेलं.

कोठारावर एक कोठावळा होता. धान्य मोजून द्यायचं काम त्याचं. त्यानं दवंडीचा शब्द न् शब्द नीट ऐकला आणि कोठारामागे भट्ट्या पेटवल्या. दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या पदरात पडू लागल्या ज्वारीच्या लाह्या.

पोरांनो, लाही कशी होते ऐका. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. दाण्याच्या पोटात थोडंसं पाणी असतं. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला आत जागा पुरत नाही, आणि दाणा फटकन उलतो. दिसतो केवढा तरी मोठा. पण त्यात पिठाचा एक कणही वाढलेला नसतो. उलट वाफ निघून गेली म्हणून वजन किंचित कमीच. वाढते ती फक्त त्यानं अडवलेली जागा. दोन-तीन ओंजळी ज्वारी फोडली की पायली भरते. उरलेली ज्वारी कुठे जात होती, ते कोठावळ्याच्या वाड्यामागच्या कणग्यांना विचारा.

वर हा गृहस्थ मापावर शीग लावायचा. पायली भरून वर टोकदार ढीग. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, केवढा उदार राजा. दुपारपर्यंत त्यांच्या पोटात खड्डा पडला.

गावाच्या टोकाला एक कुंभारीण राहायची. घरात सून बाळंत झालेली. सुनेला दूध येईना, आणि मूल रडायचंही थांबलं होतं. रडणाऱ्या मुलाचा वैताग येतो, पण गप्प झालेल्या मुलाची भीती वाटते. कुंभारीण गाढव घेऊन कोठारावर गेली.

"सरकार, ज्वारी द्या."

"ही काय बाजरी दिसते तुला?" कोठावळा म्हणाला.

"ज्वारीच आहे, पण फुगवलेली."

"पायली भरली ना? वर शीगही आहे. कुंभारीण ना गं तू? मडक्यात किती मावतं ते मी शिकवू तुला?"

"मडक्यात किती मावतं ते मला कळतं. सुनेच्या पोटात किती उरतं ते तुम्ही सांगा."

"ते दवंडीत नव्हतं. पायली ती पायली. चल, पुढचा."

बघा, हा माणूस एक अक्षर खोटं बोलला नाही. ज्वारी होती, पायली होती, भरलेली होती. चोराचा मला इतका राग येत नाही; तो निदान लपून तरी चोरतो. हा भर उन्हात, सगळ्यांसमोर, खरं बोलून लुबाडत होता.

कुंभारणीनं साऱ्या आळीच्या लाह्या पोत्यात भरल्या, पोतं गाढवावर टाकलं आणि वाटेला लागली. थोडं गेल्यावर गाढव थांबलं.

"मावशी, पूर्वी हेच पोतं पाठीवर पडलं की माझे गुडघे लवायचे," ते म्हणालं. "आज पोतं तेवढंच फुगलंय, पण माशी बसल्यासारखं वाटतंय. तुम्ही माणसं डोळ्यांनी मापता. मी पाठीनं. जागा किती अडली ही एक गोष्ट, आणि वजन किती भरलं ही दुसरी."

"मला काय सांगतोस? राजाला सांग जा," कुंभारीण चिडून म्हणाली.

गाढवच ते. खरंच गेलं.

त्या दिवशी राजाची तुला होती. दर वाढदिवसाला राजा तराजूच्या एका पारड्यात बसायचा, दुसऱ्यात ज्वारी ओतायची, आणि त्याच्या वजनाइतकी ज्वारी दान व्हायची. किती पायल्या लागतात ते साऱ्या दरबाराला तोंडपाठ होतं.

"महाराज," गाढव म्हणालं, "दरसाल लागतात तेवढ्याच पायल्या यंदाही ओता. फक्त लोकांना मिळते ती ज्वारी ओता."

"ओता की. ज्वारीत काय फरक?" राजा म्हणाला.

कोठावळ्याला घाम फुटला. पण पायली ती पायली, हे तो साऱ्या गावाला ऐकवून बसला होता. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

लाह्या ओतल्या. पारडं भरलं, सांडलं, वाऱ्यानं लाह्या उडाल्या, सरदारांच्या पगड्यांत अडकल्या. सगळ्या पायल्या संपल्या. राजाचं पारडं जमिनीवरून हललं नाही.

"प्रधानजी, आम्ही एवढे लठ्ठ झालो?"

"नाही महाराज. आपण तेवढेच आहात. धान्य पोकळ आहे."

तेव्हा कुठे राजा लाल झाला. महिनाभर गाव उपाशी होतं तेव्हा नाही. स्वतःचं बूड जमिनीला चिकटलं तेव्हा. संताप येतो तो याचाच. पण आला राग, तोही कमी नाही.

त्यानं कोठावळ्याच्या कणग्या फोडायला लावल्या. त्या दिवसापासून धान्य दाण्याच्या रूपात आणि तराजूनं तोलून मिळू लागलं. कोठावळ्याला मात्र त्याचा शिधा त्याच्याच पायलीनं, लाह्यांत. शीग लावून, हं. अन्याय नको.

कुंभारणीची सून पोटभर पेज प्यायली. मग एका सकाळी मूल असं काही रडलं, की शेजारी तक्रार करायला आले.

बोध एवढाच : भरलेलं माप फक्त जागा दाखवतं, म्हणून आत माल किती ते तोलून घ्यावं, आणि जो तोलू देत नाही त्याला तिथेच अडवावं.

आता कबुली देतो. लाह्या खऱ्या, कोठावळा खरा, गाढव बोललं तेही खरं. राजानं ऐकून घेतलं, तेवढं मात्र मी पदरचं घातलं. त्या मुलाचं रडणं मला ऐकायचं होतं.