शिळेवरचा तिसरा शब्द

“हा तिसरा शब्द कुणाला विचारून घातलात?”

डॉक्टर रत्नाकर सोनवण्यांनी हातातला कागद आल्हाटबाबांच्या खाटेवर आपटला. पायातले बूट काढायचंही भान नव्हतं.

कागदावर कबरीच्या शिळेचा मजकूर होता. वर आईचं नाव, सगुणाबाई सोनवणे. खाली तीन शब्द. माता, परिचारिका, विश्वासी.

आल्हाटबाबा गावच्या चर्चचे जुने पाळक. वय सत्याऐंशी, कान तिखट. याच खाटेसमोर लहानगा रत्नाकर दर रविवारी शास्त्रवचनं पाठ म्हणायचा आणि चुकला की छडी खायचा. आता तो शहरातला नावाजलेला सर्जन होता. छडी केव्हाच मोडली होती, पण भीती थोडी शिल्लक असावी. म्हणूनच आवाज जरा जास्त चढला होता.

“मीच घातला,” बाबा म्हणाले.

“काढा तो. दुपारी पाथरवट छिन्नी लावणार आहे. मी सांगितलं तर ऐकत नाही. म्हणतो, बाबांनी लिहून दिलंय, बाबांनीच खोडावं.”

“का खोडू?”

“खोटं आहे म्हणून! म्हणे देवावर विश्वास!”

बाबांनी कागद हातानं सरळ केला आणि परत खाटेवर ठेवला.

तो शांतपणा डॉक्टरांना जास्त झोंबला.

“छत्तीस वर्षं तिनं मिशनच्या दवाखान्यात बायकांची बाळंतपणं केली. रात्रपाळी करून यायची आणि न झोपता माझा डबा करायची. वडील गेल्यावर दोन पांढऱ्या साड्या आलटून पालटून नेसली, पण मला डॉक्टर केलं. आणि तुमच्या देवानं तिला काय दिलं? घशाचा कॅन्सर! जिनं कधी साधी सुपारी तोंडात टाकली नाही, तिला! शेवटी पाण्याचा घोट उतरेना. मी एवढा सर्जन, आणि आईला चमचाभर पाणी पाजू शकलो नाही.”

“मीही भांडतोय त्याच्याशी,” बाबा म्हणाले. “तिचं दुखणं कळलं तेव्हापासून. अजून त्यानं उत्तर दिलेलं नाही.”

“थट्टा नको.”

“थट्टा कसली?... या वयात मी कुणाशी खोटं भांडू?”

डॉक्टर येरझाऱ्या घालू लागले. खोली चार पावलांची, त्यामुळे फेरी लगेच संपायची आणि राग तसाच उरायचा.

“तिची भक्ती तुम्ही मला सांगू नका. घरात मी होतो, तुम्ही नव्हता. हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू द्यायची नाही. ऐन पौषात गार पाणी, कोपरापर्यंत साबण, आणि मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना. ती संपेपर्यंत चोळत राहायचं. एकदा म्हणून भागत नसे, दोनदा! दवाखान्यातल्या शिकाऊ पोरींनाही तोच दंडक. तिथलं भिंतीवरचं घड्याळ सदा बंद, म्हणून बाईंनी देवालाच घड्याळ करून टाकलं.”

“तिच्या हातची एकही बाळंतीण तापानं गेली नाही.”

“साबणामुळे, बाबा. साबणामुळे!”

“असेल...”

“असेल नाही, आहे. आणि आता खरं ऐका. शेवटचे तीन दिवस मी उशाशी बसून होतो. तिनं प्रार्थना केली नाही. एकदाही नाही. आवाज आधीच गेला होता, पण ओठसुद्धा हलले नाहीत. सोडला तिनं तुमचा देव. बरं केलं!”

बाबांनी मान वर केली.

“ओठ नाही हलले?”

“नाही.”

“मग काय करत होती?”

“करणार काय? भ्रमात होती. नुसते हातावर हात चोळत होती, पार कोपरापर्यंत. अशा वेळी माणूस असे चाळे करतो. औषधानंही थांबेनात. शेवटी मीच तिचे हात धरून ठेवले.”

बाबांनी डोळे मिटून घेतले.

मग पांघरुणातून उजवा पाय बाहेर काढला. मधुमेहानं टाचेला जखम झाली होती. आजारी पडेपर्यंत सगुणाबाई दर गुरुवारी येऊन तिचं ड्रेसिंग करून जायच्या.

“जरा बघतोस? ठणकतेय.”

“मी काय बोलतोय आणि तुमचं काय चाललंय!”

“शब्द दुपारपर्यंत थांबेल. टाच नाही थांबणार.”

डॉक्टर दातओठ खात खाली बसले. पट्टी सोडली आणि जखम बघून त्यांचा पारा आणखी चढला.

“कुणी बांधलं हे? कुठल्या गाढवानं?”

“कंपाउंडरनं. बोटं ओली करतो आणि बसतो.”

“पाय हलवू नका. आलोच.”

पडवीतल्या नळावर त्यांनी बाह्या दुमडल्या. घड्याळ काढून खिशात टाकलं. साबण लावला. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, मग कोपर. सारं कसं शिस्तीत. बावीस वर्षं प्रत्येक ऑपरेशनच्या आधी त्यांनी असेच हात धुतले होते. तिथे ऑपरेशन थिएटरात समोरच्या भिंतीवर टपोऱ्या आकड्यांचं घड्याळ असे. त्याच्याकडे मान वर करून बघायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

खाटेवरून बाबांना नळ दिसत होता.

डॉक्टरांचे ओठ हलत होते.

मग एकाएकी ते थांबले. हात हातावर तसाच राहिला. कोपरावरून फेस ओघळून फरशीवर पडला...

पुढच्या क्षणी त्यांनी चिडून नळ सोडला, फेस धुऊन टाकला आणि हात वर धरून खोलीत आले. डोळे लाल झाले होते. खाटेवरच्या कागदाकडे त्यांनी बघितलं नाही.

“द्या पाय,” ते म्हणाले.

बाबांनी पाय मागे घेतला.

“प्रार्थना एकदाच झाली, रत्नाकर. दुसरी राहिली... परत धू.”