सहा तऱ्हेचे पंप

एका तालुक्याच्या गावी एक धर्मादाय दवाखाना होता. रोग्याच्या रक्तात थेंबाथेंबाने औषध सोडणारे सहा पंप तिथे होते. सहाही दान आलेले, आणि सहाही वेगळ्या तऱ्हेचे. कुणाचं उजवं बटण औषध वाढवायचं, कुणाचं कमी करायचं. दात्याचं नाव मात्र प्रत्येकावर ठळक. ते वाचण्यात कुणाची चूक होणं शक्य नव्हतं.

यमुना सिस्टर तिथे एकोणीस वर्षं होत्या. आज पुरुषांच्या वॉर्डात, उद्या बायकांच्या. त्या अध्यक्षांकडे गेल्या. "तात्यासाहेब, यापुढे पंप एकाच तऱ्हेचे घ्या. घाईत डोकं नाही चालत, हात चालतो."

"देणाऱ्याला का सांगायचं, अमुकच द्या म्हणून?" तात्यासाहेब म्हणाले. "माणसं दुखावतात."

मग सिस्टरांनी स्वतःच, औषध वाढवायच्या बटणाशेजारी, प्रत्येक पंपावर लाल चिकटपट्टी लावली. पंधरा दिवसांत एक दाते सहकुटुंब पाहणीला आले. पट्टीखाली त्यांचं अर्धं आडनाव गेलं होतं. झालं! तात्यासाहेबांनी सगळ्या पट्ट्या खरवडून काढायला लावल्या.

पुढच्याच सोमवारी सिस्टर पुरुषांच्या वॉर्डातून बायकांच्या वॉर्डात आल्या. दोन दिवसांची बाळंतीण द्वारका तिथे हृदयाच्या औषधावर होती. डॉक्टरांनी औषध निम्मं करायला सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची बाई बेशुद्ध पडली. सिस्टरांनी पुरुषांच्या वॉर्डातल्या सवयीने औषध कमी करायला उजवं बटण दाबलं आणि तिकडे धावल्या. इथे मात्र उजव्या बटणाने औषध वाढलं. द्वारका गेली. तिचं बाळ आईविना राहिलं.

चौकशीला पाच जण बसले. आयुष्यात पंपाला हात लावलेला त्यांत एकही नव्हता.

"हात माझाच चुकला," सिस्टर म्हणाल्या. "मरेपर्यंत ते माझ्या मनातून जायचं नाही. पण पंप बदला, पाया पडते."

"एकोणीस वर्षांत साधं बटण कळलं नाही तुम्हाला?" तात्यासाहेबांनी विचारलं.

सिस्टरांना घरी बसवलं. वॉर्डात एक पाटी लागली: 'काम लक्ष देऊन करावे.'

चार महिन्यांनी त्या पाटीखालीच दुसऱ्या सिस्टरचा हात तसाच चुकला. औषधावरची आणखी एक बाई गेली. त्या सिस्टरलाही घरी बसवलं. पंप होते तिथेच आहेत, आणि तात्यासाहेब आता तिसरी सिस्टर शोधताहेत.

तात्पर्य: एकाच कामाला सहा तऱ्हेची साधनं ठेवली की माणूस चुकणारच. साधनं एकसारखी करायची सोडून जो नुसता चुकणाऱ्याला हाकलतो, पुढचा जीव त्याच्यामुळे जातो.