वर्गाबाहेर ठेवलेली खुर्ची

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे त्यांचा जुना शिष्य आला. तो आता स्वतः एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक होता, आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

"गुरुजी, गावाने वर्गणी काढून वर्गात मोठा पडदा आणि इंटरनेट दिलं. ते मी परत करणार आहे. उद्याच तसं सांगतो गावाला."

"का रे?"

"पूर्वी मुलं प्रश्न विचारून भंडावून सोडायची. आता गप्प बसतात. माझा वर्ग माझ्या हातून गेला, गुरुजी."

गुरुजींनी उपदेश केला नाही. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि ते त्याच्याबरोबर शाळेत निघाले.

त्या पडद्याची हकिगत अशी. तो आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मुलांचे हात लागू नयेत म्हणून वर कापड घातलं. पुष्कळ दिवस आपल्या शिक्षकाने त्याची अशी भक्तिभावाने धास्ती घेतली. पुढे तो त्यावर धडे लावायला शिकला. धडा लागे, मुलं पडद्यावरची वाक्यं वहीत उतरवून घेत, तास संपे. आपण फार पुढे आलो, असं बिचाऱ्याला आधी वाटत होतं.

गुरुजी आले त्या दिवशीही त्याने धडा लावला आणि सगळ्या माना वह्यांवर झुकल्या. गुरुजी उठले. त्यांनी धडा थांबवला, शिक्षकाची खुर्ची उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि कीबोर्ड तेजल नावाच्या मुलीपुढे सरकवला. "तुला जे जाणून घ्यायचं आहे, ते विचार."

शिष्य त्यांच्या कानाशी लागला. "गुरुजी, मला न येणारं काही निघालं, तर माझी काय पत राहील?"

"तिच्याशेजारी सतरंजीवर बस," गुरुजी म्हणाले.

तेजलने विचारलं, आमच्या आंब्याचा मोहोर का गळला? उत्तरं भराभर आली. एक तुडतुड्या किड्यांना दोष देत होतं, दुसरं भुरी रोगाला, तिसरं कुठलंसं औषध विकू पाहत होतं. पोर गोंधळली आणि शेजारी बसलेल्या शिक्षकाकडे वळली.

"सर, ह्यातलं खरं कोणतं?"

गुरुजी शिष्याला हलक्या आवाजात म्हणाले, "ऐकलंस? आधी तू या यंत्राला भ्यायलास, मग त्याच्या आड बसलास. सगळी उत्तरं देणारा म्हणून आपला जो मान होता, तो गेला. त्याचं दुःख मलाही आहे, मीही त्यावरच जगलो. पण इतक्या उत्तरांतलं खरं कसं पारखायचं, हे ती तुला विचारते आहे."

शिष्य मुलांसमोर आयुष्यात प्रथमच म्हणाला, "तेजल, मला माहीत नाही. पण तपासायचं कसं, ते येतं. चला, तुमच्या झाडाकडे जाऊ."

वाटेतच प्रश्न सुरू झाले. झाडापाशी पोचेपर्यंत ते इतके झाले, की निम्म्यांची उत्तरं शिक्षकाला येत नव्हती. त्याचा वर्ग त्याला परत मिळाला होता.