मुंगूस म्हणाली म्हणून

एसटीत कंडक्टर असलेली कुसुम दांगट ड्युटी संपवून लेकीला न्यायला इंग्रजी शाळेत गेली, तर सात वर्षांची ओवी भर उन्हात मैदानावर उभी! गळ्यात पुठ्ठ्याची पाटी होती, 'मी मराठी बोलले'. कुंपणापाशी मुंगूस दिसलं म्हणून पोर "मुंगूस, मुंगूस!" ओरडली होती, एवढाच तिचा गुन्हा.

कुसुमच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लेकीला सावलीत बसवून ती तडक मुख्याध्यापक राजोपाध्यांच्या खोलीत शिरली आणि पाटी टेबलावर आपटली.

"काय म्हणायला हवं होतं माझ्या पोरीनं?"

"मंगूज," सर तुच्छतेनं म्हणाले. "इथं गावंढळ शब्द चालत नाहीत, बाई."

मंगूज! कुसुमनं कान टवकारले. तिनं कपाटातल्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशाकडे बोट दाखवलं. "तो शब्द कुठून आला, ते वाचा. मोठ्यानं."

सरांनी हसतच पान काढलं. वाचता वाचता हसू मावळलं. "मूळ शब्द... मराठी, मुंगूस."

"म्हणजे आत्ता तुम्हीही मराठीच बोललात," कुसुम कडाडली, "आणि तेही मोडकंतोडकं! पोरीनं निदान धड उच्चार केला. वाका, सर. पाटी घालते."

दारात जमलेल्या शिक्षिकांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. राजोपाध्यांनी घाईनं शब्दकोश मिटला.

कुसुमनं पाटीचे टराटरा चार तुकडे केले आणि ओवीला घेऊन निघाली.